फॅक्टरी : सुरतेच्या वखारीपासून कायद्याच्या कलमापर्यंत

मराठी माणसाला 'फॅक्टरी' या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. यंत्रांचा आवाज, पाळ्या, भोंगा, फाटकावरचा पहारेकरी आणि एका बाजूने कच्चा माल जाऊन दुसऱ्या बाजूने पक्का माल बाहेर पडणारी इमारत, असे चित्र तो शब्द ऐकताच मनात उभे राहते आणि खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीपासून मोबाइलच्या 'फॅक्टरी रिसेट'पर्यंत सर्वत्र तो याच अर्थाने वापरला जातो. परंतु हाच शब्द जेव्हा सुरतेच्या सतराव्या शतकातील इतिहासात येतो, तेव्हा या चित्रातील जवळजवळ काहीच त्याला लागू पडत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत जी 'फॅक्टरी' स्थापन केली, तिच्यात यंत्रे नव्हती, माग नव्हते आणि मुळात तेथे कोणतीही वस्तू तयार होत नव्हती. तरीही ती त्या काळच्या इंग्रजीप्रमाणे शंभर टक्के फॅक्टरी होती. हा अर्थभेद लक्षात न घेता केलेल्या भाषांतरांत 'इंग्रजांनी सुरतेला पहिला कारखाना काढला' असे वाक्य अजूनही भेटते, आणि त्या एका वाक्याने त्या काळच्या व्यापाराचे संपूर्ण स्वरूपच उलटे होऊन बसते.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'करणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. त्यापासून 'फॅक्टर' म्हणजे 'करणारा' हे नाम झाले. गणितात एखादी संख्या गुणाकाराने घडवणाऱ्या संख्यांना फॅक्टर म्हणतात, ज्याला शालेय मराठीत अवयव हा शब्द आहे. एखाद्या घटनेस कारणीभूत होणारी बाबही फॅक्टर, म्हणजे घटक. व्यापारात मात्र 'करणारा' या शब्दाला 'दुसऱ्याच्या वतीने करणारा' असा नेमका अर्थ आला. धन्यापासून दूर राहून, धन्याच्या पैशाने, धन्यासाठी माल घेणारा व विकणारा मनुष्य तो फॅक्टर. मराठी व गुजराती बाजारपेठेत ज्यांना गुमास्ता किंवा अडत्या म्हणतात, त्यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. गुमास्ता पगारी असतो आणि अडत्या अडतीवर, म्हणजे विक्रीच्या ठरावीक हिश्शावर काम करतो, आणि युरोपातील फॅक्टर या दोन्ही प्रकारांचे असत. असे फॅक्टर परक्या बंदरात ज्या जागी एकत्र राहत, माल साठवत आणि हिशेब लिहीत, ती जागा म्हणजे फॅक्टरी होय. पोर्तुगीजांनी ही व्यवस्था इंग्रजांच्या कितीतरी आधी आफ्रिकेच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावर आणली होती. त्यांच्या भाषेत मुनीम तो 'फेइतोर' आणि त्याची पेढी ती 'फेइतोरिया'. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या ताफ्याने १५०० साली कालिकतला अशी पेढी उघडली, परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्यावर हल्ला होऊन तिचा प्रमुख आयरेस कोरेया मारला गेला.

सुरतेत इंग्रजांचा प्रवेश १६०८ सालचा असून त्या वर्षी विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' नावाच्या जहाजातून तापीच्या मुखाशी आला. व्यापाराची परवानगी मात्र लगेच मिळाली नाही, कारण पोर्तुगीजांचा दरारा मोठा होता आणि मोगल अधिकाऱ्यांना त्यांना दुखवायचे नव्हते. १६१२च्या अखेरीस सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टच्या इंग्रजी जहाजांनी पोर्तुगीजांना तोंड दिले तेव्हा परिस्थिती पालटली. स्थानिक अधिकाऱ्यांशी झालेला करार १६१२चा आणि त्याला बादशाही दुजोरा मिळाला तो १६१३च्या प्रारंभी, म्हणूनच सुरतेच्या वखारीच्या स्थापनेचे वर्ष काही पुस्तकांत १६१२ तर काहींत १६१३ असे दिलेले आढळते. पुढे डच आले आणि १६६८मध्ये फ्रेंचही आले, त्यामुळे एकाच शहरात तीन युरोपीय राष्ट्रांच्या फॅक्टऱ्या काही काळ शेजारी नांदत होत्या.

सुरतेच्या इंग्रजी फॅक्टरीतील जीवनाचे वर्णन १६७०च्या दशकात तेथे आलेला वैद्य जॉन फ्रायर आणि १६८९मध्ये इंग्लंडहून निघालेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन यांनी तपशिलाने केलेले आहे. दगड व उत्तम लाकूड यांची ती इमारत देशी पद्धतीची होती, खाली कोठारे आणि वर राहण्याच्या खोल्या अशी तिची रचना होती, आणि तीत राहणारे इंग्रज एका मोठ्या टेबलावर एकत्र जेवत व ठरल्या वेळी एकत्र प्रार्थना करत. त्यांच्यात काटेकोर उतरंड असे. सर्वांत खाली उमेदवार, त्याच्यावर 'रायटर' म्हणजे पत्रे व हिशेब लिहिणारा कारकून, त्यानंतर फॅक्टर, मग 'मर्चंट' आणि सर्वांत वर 'प्रेसिडेंट'. रायटरला वर्षाला १० पौंड पगारावर पाच वर्षे काढावी लागत आणि त्यानंतर तो फॅक्टर होण्याच्या मार्गाला लागे. या तुटपुंज्या पगारावर कोणी हजारो मैल दूर येत नसे, खरी ओढ खासगी व्यापारातून मिळणाऱ्या नफ्याची होती. या उतरंडीतील शब्द पुढे राज्यकारभारात पसरले. पोलीस ठाण्यातील लिखापढी करणाऱ्या हवालदाराला महाराष्ट्रात आजही 'रायटर' म्हणतात, कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्येही तोच शब्द आहे, आणि सुरतेच्या प्रेसिडेंटच्या पदावरून 'प्रेसिडेन्सी' हा शब्द घडून कंपनीचे मुख्य ठाणे १६८७मध्ये मुंबईला हलल्यावर तो मुंबईला चिकटला. मराठीने त्याला 'इलाखा' म्हटले.

आता प्रश्न असा उरतो की फॅक्टरीत माल तयार होत नसेल तर तो येत कोठून होता. सरखेजची नीळ, भडोचचे बाफ्ते म्हणजे साधे सुती कापड, सूत आणि कापूस ही सुरतेच्या व्यापारातील प्रमुख नावे होत. कापड विणले जाई ते गावोगावच्या विणकरांच्या घरात, त्यांच्या स्वतःच्या मागावर, घरातील बायका-मुलांच्या मदतीने. फॅक्टरीतून निघालेला पैसा देशी दलालाच्या हाती जाई. भीमजी पारेख आणि रुस्तम माणेक ही सुरतेच्या अशा दलालांतील नामांकित नावे आहेत. दलालाकडून तो पैसा विणकराला आगाऊ दिला जाई. या आगाऊ रकमेला 'दादनी' म्हणत, आणि महाराष्ट्रात ऊसतोड कामगार मुकादमाकडून जी 'उचल' घेतात तिच्याशी तिचे साम्य उघड आहे, कारण दोन्हींत रक्कम घेणारा माल किंवा श्रम देण्यास आधीच बांधला जातो. विणून झालेले थान फॅक्टरीत आले की तेथे त्याची प्रत ठरे, दर ठरे, न पटलेला माल परत जाई आणि पटलेला माल गठ्ठे बांधून सुवाळीच्या जहाजांकडे रवाना होई. फॅक्टरी ही अशा रीतीने माल घडवण्याची जागा नव्हती, तर दुसऱ्याने घडवलेल्या मालाची किंमत ठरवण्याची जागा होती. ही गोष्ट शब्दार्थापेक्षा मोठी आहे, कारण हिंदी महासागरातील व्यापाराचे सर्व कौशल्य विणकराच्या घरात आणि सर्व सौदाशक्ती फॅक्टरीत, अशी जी विभागणी तेव्हा पडली तिचे परिणाम पुढे दोन शतके या देशाच्या कारागिरांनी भोगले.

मराठीने मात्र या बाबतीत सुरुवातीपासून अचूक शब्द योजला. 'वखार' म्हणजे माल साठवण्याची जागा. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या व्यापारी ठाण्यांना मराठी कागदपत्रांत आणि नंतरच्या इतिहासलेखनात हाच शब्द आहे, आणि लाकडाच्या वखारीपासून १९५७मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वखार महामंडळापर्यंत तो अजून त्याच अर्थाने जिवंत आहे. शिवकालात या वखारींशी मराठ्यांचा संबंध वारंवार आला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी १६६०मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा व दारूगोळ्याची मदत केली, म्हणून पुढील वर्षी शिवाजी महाराजांच्या सैन्याने राजापूर घेतले आणि वखारप्रमुख हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैदेत पडले. जानेवारी १६६४मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झिंडन याने जहाजांवरील खलाशी बोलावून वखार लढवण्याची तयारी केली आणि ती वाचवली. ऑक्टोबर १६७०मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर चालून गेले. ऑक्झिंडन १६६९मध्ये सुरतेतच वारला असून त्याची व त्याच्या भावाची घुमटदार समाधी कतारगामच्या रस्त्यावरील इंग्रजांच्या दफनभूमीत आहे.

वखार म्हणजे निव्वळ कोठार नव्हे, हे मराठी राज्यकर्त्यांनी किती लवकर ओळखले होते त्याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्र' या १७१५च्या सुमाराच्या ग्रंथात मिळतो. टोपीकर म्हणजे युरोपीय हे इतर सावकारांसारखे साधे व्यापारी नसून त्यांच्या मागे त्यांचे राजे उभे आहेत, म्हणून त्यांना वखारीसाठी जागा द्यायची झाली तर ती समुद्रकिनाऱ्याला किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत, सखल ठिकाणी, गावाच्या आश्रयाने द्यावी, आणि तेथे त्यांना मजबूत इमारत बांधू देऊ नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. सुरतेत नेमके काय घडले हे पाहिले म्हणजे या उपदेशाचे मोल कळते, कारण १७५९मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला आणि १८००मध्ये नबाबाच्या हातून शहराचा कारभारही गेला. व्यापाऱ्याच्या घराचा अर्थ सत्तेच्या ठाण्यापर्यंत ताणला जाऊ शकतो, हे ओळखणारे गद्य मराठीत अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिले गेले, ही मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

'कारखाना' या शब्दाची वाट वेगळी आहे. फारसीत 'कार' म्हणजे काम आणि 'खाना' म्हणजे जागा. मोगल दरबाराच्या कारखान्यांत शाही वापराची वस्त्रे, शस्त्रे, अत्तरे खरोखर तयार होत. परंतु शिवशाहीच्या 'अठरा कारखाने' या प्रसिद्ध यादीत पीलखाना म्हणजे हत्तीशाळा, जवाहिरखाना, दफ्तरखाना असे विभाग येतात आणि तेथे कारखान्याचा अर्थ सरकारी खाते एवढाच आहे. किल्ल्यावरील 'कारखानीस' हा धान्य, दारूगोळा व इतर साठ्याचा हिशेब ठेवणारा अधिकारी होता आणि त्या हुद्द्याचे आडनाव अनेक घराण्यांत चालत आले आहे. अर्थात, शिवकाळातील 'कारखाना' हा शब्द आजच्या उत्पादनाच्या अर्थापेक्षा साठ्याच्या व कारभाराच्या अर्थाला कितीतरी जवळ होता. साठ्याकडून उत्पादनाकडे असा जो प्रवास इंग्रजीत फॅक्टरी या शब्दाने केला, तसाच काहीसा मराठीत कारखान्यानेही केला, आणि विसाव्या शतकात तर तो आणखी अरुंद झाला, कारण १९५०मध्ये प्रवरेला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांच्या चळवळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात विशेषण न जोडता 'कारखाना' म्हटले की साखर कारखानाच समजला जातो.

इंग्लंडात फॅक्टरी या शब्दाला उत्पादनाचा अर्थ सतराव्या शतकापासून अधूनमधून येत होता, पण तो पक्का झाला तो यंत्रांमुळे. १७७१मध्ये रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी सुरू केली आणि शेकडो माणसांना एका छपराखाली, एका घड्याळावर, एका मालकाच्या यंत्रापुढे उभे करण्याची पद्धत रूढ होत गेली. या नव्या इमारतीला आरंभी 'मिल' म्हणत. पिठाच्या गिरणीचा शब्द सुताला लावण्याचे हेच काम मराठीत 'गिरणी'नेही केले. १८३३च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने जे कायदे केले त्यांतील दोन या शब्दाच्या इतिहासात एकत्र ठेवून पाहण्याजोगे आहेत. एका कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद करून तिला केवळ राज्य चालवणारी संस्था बनवले, त्यामुळे जुन्या फॅक्टरीचे कामच संपले. दुसऱ्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास मनाई करून तपासणी अधिकारी नेमले, आणि हा दुसरा कायदा 'फॅक्टरी अ‍ॅक्ट' म्हणून ओळखला जातो. १८८६मध्ये यूल व बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश काढला तेव्हा व्यापारी ठाणे हा अर्थ त्यात नोंदवून समजावून सांगावा लागला, म्हणजे सामान्य इंग्रज वाचकाच्या तोंडून तो तोवर मागे पडला होता. दरम्यान बाफ्त्यांचा व्यापारही उलट दिशेने वाहू लागला होता. १८६०च्या दशकात अमेरिकन यादवीमुळे कापूस मिळेनासा झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी आखूड धाग्याचा कापूस वापरावा लागला, त्या कापसाला ते 'सुरत' म्हणत, आणि तो वारंवार तुटत असल्याने तेथील मजुरांच्या बोलण्यात एका श्रीमंत शहराचे हे नाव हलक्या मालाचा पर्याय होऊन गेले.

भारतात नवा अर्थ कायद्याच्या मार्गाने आला. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणांनाच लागू होता आणि त्याचे संरक्षण मुख्यतः मुलांपुरते होते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून जी मागणी लावून धरली, तिच्यामुळे १८९०मध्ये रविवारची सुटी मान्य झाली, आणि १८९१च्या दुरुस्तीने माणसांची अट ५०वर आली. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० आणि न वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असतील तर ती फॅक्टरी, अशी व्याख्या केली. 'उत्पादन प्रक्रिया' या शब्दाची त्यातील व्याख्या विलक्षण व्यापक आहे. वस्तू बनवण्याबरोबरच ती दुरुस्त करणे, सजवणे, धुणे, साफ करणे, गठ्ठे बांधणे, पाणी उपसणे आणि शीतगृहात माल टिकवणे हे सर्व तिच्यात बसते, मात्र खाणी, हॉटेले व उपाहारगृहे 'फॅक्टरी'च्या व्याख्येतून वगळली आहेत. या मोजमापाने पाहिले तर गठ्ठे बांधण्यास पुरेशी माणसे ठेवणारी सतराव्या शतकातील वखारही कदाचित नव्या अर्थाने फॅक्टरी ठरली असती.

या व्याख्येवर पुष्कळ काही अवलंबून होते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षात २४० दिवस भरल्यावर भरपगारी रजा हे सर्व हक्क जागा 'फॅक्टरी' ठरल्यानंतरच लागू होत, आणि पाळणाघर किंवा उपाहारगृह यांसारख्या सोयींसाठी तर कामगारांची संख्या आणखी मोठी असावी लागे. म्हणूनच दहाव्या आणि नवव्या कामगारातील अंतर मोठे होते. सुरतेसारख्या शहरात, जेथे यंत्रमागांचे व हिऱ्यांचे असंख्य छोटे धंदे आहेत, तेथे एकाच छपराखालचे माग कागदावर वेगवेगळ्या नावांनी विभागून संख्या कमी दाखवण्याची वाट मोकळी राहते, हे कामगारांच्या अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. २०२०मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तर ही संख्या वीज असल्यास २० आणि नसल्यास ४० अशी दुप्पट केली. लहान उद्योजकावरील कागदपत्रांचा भार हलका व्हावा हा त्यामागील युक्तिवाद समजण्यासारखा आहे, परंतु ज्या शब्दाच्या आत येण्यासाठी कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले त्याचे दार यामुळे अरुंद झाले, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे.

सुरतेच्या रोजच्या बोलण्यात फॅक्टरी हा शब्द त्यामानाने कमीच येतो. हिऱ्याचे काम चालते त्याला गुजरातीत 'कारखानु' म्हणतात आणि ज्या फिरत्या चकतीभोवती बसून रत्नकलाकार हिरा घासतात ती 'घंटी'. यंत्रमागाच्या जागेला 'खाता' म्हणण्याची रीत आहे, म्हणजे शिवकालीन कारखान्याप्रमाणेच येथेही खाते आणि कामाची जागा एकमेकांत मिसळलेली आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन लिंबायत, उधना या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत, महाराष्ट्रातील कामगारांप्रमाणेच, 'कंपनीत कामाला' हा प्रयोग आढळतो, मग ती कंपनी नोंदणीकृत असो वा नसो. फॅक्टरचा मूळ अर्थ मात्र रिंग रोडच्या कापडबाजारात शाबूत आहे, कारण देशभरच्या दुकानदारांच्या वतीने साड्यांचा सौदा करून आपली अडत घेणारा अडतिया हा जुन्या अर्थाने फॅक्टरच होय. उधारीची बिले कमी किमतीत विकत घेऊन व्यापाऱ्याला लगेच पैसा देण्याच्या व्यवहारालाही इंग्रजीत 'फॅक्टरिंग' म्हणतात आणि त्याच्या नियमनासाठी भारतात २०११चा स्वतंत्र कायदा आहे.

रिंग रोडच्या याच बाजारातून निघालेल्या साड्या लिंबायतच्या चाळींत घरोघर जातात. तेथे बायका कापडावरचे सुटलेले धागे कापतात, लेस लावतात, खडे चिकटवतात आणि नगावर पैसे घेतात. १९४८च्या कायद्यातील ८५व्या कलमाने राज्य सरकारला थोडी माणसे असलेली जागाही फॅक्टरी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला होता, पण केवळ कुटुंबीयांच्या मदतीने जेथे काम चालते ते घर त्याच कलमाने बाजूला ठेवले. भडोचच्या विणकराचे घर इंग्रजांच्या फॅक्टरीबाहेर होते आणि दर फॅक्टरीत ठरत होता. कायद्यातील 'सजवणे' हा शब्द ज्या कामाला अक्षरशः लागू पडतो ते काम करणाऱ्या या बायकांचाही दर बाजारात ठरतो, आणि त्यांचे घर कोणत्याच व्याख्येत येत नाही.